एका सुपातला हुरडा

दिवाळीच्या अंकात स्वयंपाकघराचे हे पान उघडले की वाचकभगिनी काय शोधतात, हे मला ठाऊक आहे. पण यंदा चकलीबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. चकली का मोडते, अनारसा का हसतो आणि रव्याचा लाडू का बसतो, या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला माझ्याहून चांगली येतात. शिवाय हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे भरून, झाकणे घट्ट लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर गेलेले असतील. (मुलांचा हात तिथेही पोचतो, तो भाग निराळा.)

मी लिहिणार आहे ती गोष्ट अजून रानात उभी आहे. माझे आजोळ मंगळवेढ्याचे. तिथल्या काळ्या रानात दिवाळीच्या सुमारास ज्वारी जेमतेम गुडघ्याला लागलेली असते. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायची आणि मग देवाच्या नावाने सोडून द्यायची, असे हे पीक. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस पडतो तो पाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि तोही मनात आले तर. पाऊस गेल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर ही ज्वारी वाढते. पौषात कणसे भरतात, दाणा अजून हिरवा आणि मऊ असतो, तेव्हा ती भाजून खातात तो हुरडा. म्हणजे अजून दोन महिने अवकाश आहे. पण ज्यांना नीट बेत करायचा आहे त्यांनी आताच ठरवावे, कारण हुरड्याचे दिवस फार थोडे असतात. दाणा चिकात असला तर तोंडात नुसते पाणी होते, आणि आठ-दहा दिवस उशीर झाला की तोच दाणा पिठाळ होतो. त्याची साखर पिठात जाते म्हणतात ते खरेच आहे. मधले जे काही दिवस हाती लागतात तेवढेच.

आता हा विषय मला सुचला कशावरून, तेही सांगते. न्यू जर्सीला असलेल्या माझ्या भाचीने गेल्या वर्षी एका रविवारच्या सकाळचा फोटो पाठवला. लांबरुंद लाकडी फळी, तिच्यावर मधोमध भोक असलेले गोल पाव, गुलाबी माशाचे कागदासारखे पातळ काप, पांढरे लोण्यासारखे चीज, कांद्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो आणि खारवलेल्या कसल्याशा बारीक कळ्या. दहाबारा माणसे त्या एकाच फळीभोवती बसलेली. न्याहारी उशिरा आणि जेवण लवकर, अशा दोहोंच्या मधल्या वेळेला तिकडे ब्रंच म्हणतात. त्या पावाला बेगल म्हणतात. पोलंडकडच्या ज्यू कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो न्यूयॉर्कला नेला. त्याची कणीक आधी उकळत्या पाण्यात सोडतात आणि मग भट्टीत भाजतात, म्हणून तो बाहेरून चकचकीत आणि आतून चिवट होतो. मासा असतो सॅमन, मिठात मुरवून धुरावर धरलेला.

मी हा फोटो मंगळवेढ्याला मामींना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला.

"मासा कच्चाच खात्यात व्हय?"

"कच्चा नाही मामी, धुरावर टिकवलेला असतो."

"आन् पावाला भोक कशापायी?"

पूर्वी विकणारे ते पाव काठीत नाहीतर दोरीत ओवून हिंडत, असे मी सांगितले. मामींचे समाधान झाले. "म्हंजे कडबोळंच की गं! निस्तं तळायचं सोडून उकडलंय." मामा पलीकडून म्हणाले, "त्यांची फळी, आपलं सूप. फरक तो काय?"

मामांचे म्हणणे मला पटले. आपल्याकडे दहा माणसांनी एकाच भांड्याभोवती बसून, हाताने घेऊन, गप्पा मारीत दोन-दोन तास खायचे असे पदार्थ थोडे. आपले ताट ज्याचे त्याला वाढलेले असते. पंगत झाली तरी पान वेगळे. हुरडा मात्र एका सुपात पडतो आणि सगळ्यांचे हात त्यात जातात. वेळही तीच, सकाळी नऊपासून उन्हे चढेपर्यंतची. धूरही आहेच, फक्त आपला धूर गोवरीचा.

तर आधी कृती.

माणशी पाच-सहा कणसे धरावीत. बारा माणसे असतील तर सत्तर कणसे पुरतात, आणि बारांत चार कॉलेजातली मुले असतील तर शंभरही पुरत नाहीत. कोणत्या ज्वारीची, हा प्रश्न मोठा. मंगळवेढ्याची कीर्ती आहे ती मालदांडीची. भाकरीला तिच्यासारखी ज्वारी नाही. हिच्यातूनच मोहोळच्या शेतीकेंद्रावर १९३० च्या दशकात निवडून काढलेले 'एम ३५-१' हे वाण आजही लोक आवडीने पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हुरड्याच्या बाबतीत मालदांडी जरा हट्टी. दाणा फोलपटाला धरून बसतो, चोळून चोळून हात लाल होतात. म्हणून जाणता शेतकरी बांधाच्या कडेने चार तासे सुरतीची नाहीतर गुळभेंडीची टाकून ठेवतो. गुळभेंडीचा दाणा टपोरा, गोड, आणि चोळला की सुटून येणारा. अलीकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'फुले मधुर' नावाचे वाण काढले आहे. तेही गोड असते. तरी माझे मत विचाराल तर गुळभेंडीच.

कणीस तोडल्यापासून भाजेपर्यंत जितका कमी वेळ जाईल तितके बरे. आदल्या दिवशी तोडून आणलेला हुरडा खाता येतो, पण त्याची गोडी रात्रीतून उतरलेली असते. जमिनीत हातभर लांबरुंद आणि वीतभर खोल खड्डा करायचा, त्याला आगटी म्हणतात. तीत गोवऱ्या पेटवायच्या आणि ज्वाळा बसून निखारा झाला की कणसे त्यात खोचायची. ज्वाळेवर धरली तर वरून काळी आणि आतून कच्ची राहतात. शहरातली मंडळी इथेच घाई करतात. फोलपटे करपून दाण्यातून बारीक तडतड ऐकू आली की कणीस काढायचे आणि गरम असतानाच, तळहाताला राख लावून, चोळायचे. ज्यांचे हात नाजूक आहेत त्यांनी जाड गोणपाटात धरून चोळावे. मग सुपात पाखडायचे. फोलपट उडून जाते आणि खाली हिरवेगार, वाफाळते दाणे उरतात. हे सूप सगळ्यांच्या मध्ये ठेवायचे.

सुपाभोवती काय मांडायचे, यावर घराघरांत वाद आहेत. मी मामींची मांडणी सांगते. शेंगदाण्याची चटणी पहिली, आणि ती उखळात कुटलेली. मिक्सरमध्ये दाण्याचा कोरडा भुगा होतो. उखळात लसूण, तिखट, जिरे, मीठ घालून दाणा कुटत गेले की त्याला हळूहळू तेल सुटते आणि चटणीचा गोळा वळायला लागतो, तिथे थांबायचे. बारा माणसांना पाव किलो चटणी पुरते. मग कारळ्याची, जवसाची आणि सुक्या खोबऱ्याची चटणी, प्रत्येकी पळसाच्या द्रोणात. मातीच्या गाडग्यात विरजलेले घट्ट दही, निदान दोन लिटर दुधाचे. गुळाचे खडे. बारीक शेव. हरभऱ्याचे ढाळे, बोरे, पेरूच्या फोडी, उसाची कांडकी. वांगी मिळाली तर आगटीच्या कडेलाच दोन-चार भाजून भरीत करावे. विस्तव वाया जात नाही. आणि सोलापुरी कडक भाकरी, मोडून दह्यात बुडवायला. हुरडा झाल्यावर पाणी पिऊ नये, ताक प्यावे, असे सगळी वडीलमंडळी सांगतात. ताक मिळत असताना पाणी कोण पितो, म्हणून मी कधी उलट विचारले नाही.

ज्यांना रान नाही त्यांनीही हिरमुसू नये. पुण्या-मुंबईच्या बाजारात हंगामात चोळलेला हुरडा पिशव्यांतून मिळतो. तो लोखंडी कढईत, किंचित तुपावर, झाकण ठेवून चार-पाच मिनिटे परतावा, आणि मध्ये वाटीत पेटता निखारा ठेवून वर तुपाचा थेंब सोडून धुरी द्यावी. रानातल्यासारखा होतो असे मी म्हणणार नाही. पण गच्चीवर चटई टाकून, सूप मध्ये ठेवून बसलात तर शेजारी डोकावल्याशिवाय राहणार नाहीत.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. अवघड आहे ते सुपाभोवती कोण बसणार, हे ठरवणे.

माझ्या लहानपणी आमच्या आजोळच्या रानात आगट्या दोन असत. एक विहिरीजवळ, आंब्याखाली. तिथे घरची माणसे आणि पाव्हणे. दुसरी बांधापलीकडे, गड्यांची. त्यांतली काही घरे गावकुसाबाहेरची. कणसे एकाच रानातली, पण सुपे दोन आणि दही फक्त आंब्याखाली. कोणी हे बोलून दाखवीत नसे. पोरांना सुद्धा कुठली आगटी आपली हे न सांगता कळे. मंगळवेढे म्हणजे संतांचे गाव. चोखोबा याच गावात, कुसाचे काम करीत असताना, भिंत अंगावर कोसळून १३३८ साली गेले, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी, पायरीपाशी आहे. त्या पायरीच्या आत त्यांच्या माणसांना जायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देवळाचे दार उघडले तरी रानातल्या आगट्या दोनच राहिल्या. माझी आजी एकादशी न चुकवणारी, हरिपाठ तोंडपाठ असलेली. तिलाही त्यात काही खटकत नव्हते.

मग १९७२ साल आले. मी तेव्हा आठ वर्षांची. पाऊस त्याआधीपासूनच तोंड फिरवून होता, त्या वर्षी तर पेरणीच झाली नाही. हुरडा कुठला, कडबाही नव्हता. मामांनी बैलजोडी विकली तो दिवस मला आठवतो. दावणीची दोरी बरेच दिवस तशीच होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना चिरे आणि खाताना घशात अडके. ज्या गावाला ज्वारीचे कोठार म्हणत, त्या गावाने पिशवी घेऊन परदेशच्या ज्वारीसाठी रांगेत उभे राहायचे, हे आजीला फार लागले. रांगेत मात्र ती उभी राहिली. मामा आणि मामी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मामींच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. हातावरची हळद जाते न जाते तोच तळहाताला फोड आले. त्यांच्या शेजारी, त्याच ढिगाशी, बांधापलीकडच्या आगटीची माणसे बसत. दुपारी सुकडी वाटली जाई, ती एकाच घमेल्यातून. पाणी एकाच टाकीचे.

पुढल्या पावसाळ्याने हात दिला. त्या सालची ज्वारी पुरुषभर उंच झाली असे मामा सांगतात. मामांच्या उंचीचा हिशेब नेहमीच उदार असतो, पण ज्वारी चांगली आली होती खरी. १९७४ च्या जानेवारीत घरात हुरड्याची गोष्ट निघाली तेव्हा आजी आधी नकोच म्हणाली. हिरवे कणीस मोडायचे म्हणजे भाकरी मोडायची, असा तिचा हिशेब. त्या वर्षी तो खोटा म्हणायची कोणाची छाती नव्हती. शेवटी तिने स्वतः रानात जाऊन कणसे मोजून तोडली. आंब्याखाली आगटी पेटली. गडी सवयीने बांधापलीकडे दुसरा खड्डा काढायला लागला, तेव्हा आजी म्हणाली, "दगुड एका ढिगात फोडलं, आता कणसं दोन ढिगांत कशाला?"

कोणी काही बोलले नाही. कुदळ खाली ठेवण्याचा आवाज तेवढा झाला. आजोबांच्या नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ आले होते, ते धोतर सावरून उठले आणि पोट बिघडल्याचे सांगून गावात निघून गेले. त्यानंतर ते आमच्या रानात हुरड्याला कधी आले नाहीत. त्यांच्या मुलाच्या लग्नाचे बोलावणेही आम्हाला आले नाही, आणि आजीच्या वाट्याचा हा अबोला ती जाईपर्यंत राहिला. पहिला हुरडाही काही गोड झाला नाही. गड्याची बायको सुपापासून हातभर लांब बसली होती, आणि तिने चार दाणे घेतले ते आजीने दोनदा सांगितल्यावर. मामींनी दह्याचे गाडगे उचलून तिच्यापुढे ठेवले. ते गाडगे बराच वेळ तसेच होते. मग तिच्या लहान पोराने त्यात हात घातला, आणि त्याला ओरडायचे की हसायचे हे कोणालाच कळेना. आजी हसली, तेव्हा सगळे हसले.

त्यानंतर आमच्या रानात आगटी एकच असते.

मंगळवेढ्यात दामाजीपंतांची गोष्ट माहीत नाही असे पोर सापडणार नाही. पंधराव्या शतकात बिदरच्या बहामनी बादशहाचे ते अंमलदार. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना लुटवली आणि त्यांचे देणे विठ्ठलाने महाराच्या वेषात बिदरला जाऊन भरले, अशी कथा. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, बसवेश्वर काही काळ या गावी होते आणि मिळवलेले अन्न सर्वांत वाटून खाण्याला त्यांच्या पंथात दासोह म्हणतात. या गोष्टी आजी आम्हाला झोपताना सांगे. पण एका आगटीचे कारण कोणी विचारले तर तिने दामाजींचे नाव कधी घेतले नाही. "खडीवर बसलो हुतो," एवढेच म्हणे.

आता काळ पालटला आहे. मंगळवेढ्याकडच्या रानांतही पाणी येईल तिथे ऊस गेला, डाळिंब गेले. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. ती मुळासकट उपटायची असते, कडब्यासाठी, आणि चार दिवस उपटली की कंबर आणि हात दोन्ही कामातून जातात. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा मामांच्या हाती कोणीतरी ज्वारीच्या बिस्किटांचा पुडा दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहून नातवाला दिला. अशा दिवसांत हुरड्याचा धंदा निघाला आहे, आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. शनिवार-रविवारी गाड्या भरून शहरातली माणसे येतात, माणशी पैसे देतात, बैलगाडीत बसतात, फोटो काढतात. शेतकऱ्याच्या हाती दाण्याच्या भावापेक्षा चार पैसे जास्त पडतात, आणि कणीस गेले तरी हिरवी ताटे राहतात, ती जनावरे गोडीने खातात. ज्वारी रानात राहायची असेल तर असेही ती राहू दे.

माझी तक्रार एकच आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पान खर्ची घातले. अशा एका ठिकाणी आम्ही पंधराजण गेलो होतो. जागा चांगली, हुरडा उत्तम. पण आगटीशी बसलेला जोडपे-जोडीदाराचा संसार सकाळी आठपासून भाजत होता, चोळत होता, आणि सूप भरून आमच्याकडे पाठवत होता. बाईच्या डोळ्यांतून धुराचे पाणी वाहत होते. दोन तासांत त्यांच्या तोंडात एक दाणा गेला नाही. मी विचारले तेव्हा बाई म्हणाली, "आमी मागनं खातो की ताई." मागून खायला निखारा उरत नाही, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. बोलावणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून आमच्यातले काहीजण "चल, वेळ होतोय" म्हणू लागले. शेवटी माझा मुलगा आणि जावई आगटीशी जाऊन बसले आणि त्या दोघांना उठवून सुपाशी आणले. जावयाने पहिली आठ कणसे कोळसा केली. ती बाई ते पाहून इतकी हसली की तिला ठसका लागला.

म्हणून यंदा बेत कराल तेव्हा कणसांच्या, दह्याच्या, चटणीच्या यादीत आगटीच्या पाळ्याही लिहा. अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी, दोन-दोन माणसे, आणि त्यातून पुरुषमंडळींना सूट नाही. विकतच्या हुरड्याला जाणार असाल तर पैसे ठरवतानाच विचारा की भाजणारी माणसे जेवतात केव्हा. आधी मालक जरा चमकतो. मग सांगतो.

उरलेल्या हुरड्याचे काय करायचे, तेही राहिले. उरत नाही, पण उरला तर दुसऱ्या दिवशी तो भरड वाटून, त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मावेल तेवढे ज्वारीचे पीठ घालून थालीपीठ लावावे. तव्यावर चार भोके पाडून तेल सोडावे आणि झाकण ठेवावे. कांद्या-लसणाची फोडणी देऊन उसळही चांगली होते. सावलीत खडखडीत वाळवून डब्यात भरला तर उन्हाळ्यात भिजवून उसळीला चालतो, मात्र डब्यात कडुलिंबाचा पाला टाकायला विसरू नका, नाहीतर तुमच्याआधी किड्यांचा हुरडा होतो.